दोनदा लिहिलेली डिस्क

मी सूडबुद्धीची बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच कणव वाटायला नको. माझ्या लग्नात आत्तेसासूबाईंनी माझ्या रंगावरून जे वाक्य काढलं होतं ते मला अजून स्वल्पविरामासकट पाठ आहे. त्या वारल्या, दहाव्याला मी पिठलं केलं, लोक छान झालंय म्हणाले. वाक्य मात्र मी सोडलेलं नाही.

तर आमच्या सेक्रेटरींची गोष्ट.

आमची इमारत नवीन पनवेलमधली, विचुंब्याच्या बाजूची. नवीन हे आता फक्त गावाच्या नावात उरलंय. इमारतीचे सज्जे पडायला आलेत, पाण्याची टाकी गळते, त्यामुळे ती पाडून नवी बांधायचं घाटत होतं. माझा पाडायला विरोध नव्हता. सेक्रेटरींनी जो बिल्डर आणला होता त्याच्या प्रस्तावाला विरोध होता, कारण काम मध्येच रखडलं तर आम्ही माणसांनी कुठे राहायचं, याचं एका ओळीचंही उत्तर त्या कागदांत नव्हतं. मी ते दोनदा लेखी विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर तोंडी आलं, तेही जिन्यात.

सेक्रेटरी हे निवृत्त गृहस्थ. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना ते वहिनी म्हणतात, आणि असं म्हणतात की त्या शब्दातच 'आता घरात जा' असं ऐकू येतं.

अशा सभेचं चित्रीकरण करावं लागतं आणि ते डिस्कवर घालून सरकारी ऑफिसात द्यावं लागतं. म्हणून गव्हाणहून एक शूटिंगवाला बोलावला होता. सभा आमच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. मी पहिल्या रांगेत बसले होते, मुद्दाम. "विरोधात कोण?" असं विचारल्यावर मी हात सरळ वर केला. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हात खाली घ्या, पंख्यात जाईल."

हॉल हसला. पंखा माझ्या हातापासून चांगला पुरुषभर उंच होता, पण हसणाऱ्यांना मोजमाप लागत नाही. त्या हशातच त्यांनी "मंजूर, एकमताने" म्हणून वहीत लिहिलं. मी उभी राहून म्हटलं, "मी विरोधात आहे, तसं लिहा." ते म्हणाले, "हो हो, आधी चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. घरी येऊन गॅसची शेगडी घासली. राग आला की मी घासते, आणि त्या संध्याकाळी शेगडीचा रंग बदलला.

गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी ते माझ्याच दारात आले. हातात पेनड्राइव्ह, त्यात सभेचं चित्रीकरण. "वहिनी, तुमच्याकडे ते डिस्कचं यंत्र आहे ना अजून?" होतं. मी वीस वर्षं पनवेलच्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. कॉलेजने भंगारात काढलेलं एक मशीन मी घरी आणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलंय. त्याच्या पोटात एक डिस्क ड्राइव्ह आहे, आणि तो म्हातारा झालाय म्हणून मी शेजारी यूएसबीचा दुसरा ठेवलाय. हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, सायबर कॅफे बंद पडले, पण ऑफिसला चित्रीकरण डिस्कवरच लागतं. अख्ख्या इमारतीत डिस्क लिहू शकणारी मी एकटी.

त्यांनी खिशातून दोन डिस्क काढल्या. नव्या नाहीत. सोसायटीच्या कपाटातल्या जुन्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या. वरची मार्करची अक्षरं नखाने खरवडलेली. "एक ऑफिसला, एक आपल्या फाइलला. नव्या कशाला आणायच्या? यांच्यावर पुन्हा लिहिता येतं म्हणतात." मग माझ्या मशीनकडे बघून, "आणि तुमचं ते फुकटचं लिनक्स चालेल ना? का फुकट ते पौष्टिक?"

मी हसून डिस्क घेतल्या. मनापासून हसले. कारण त्या चित्रीकरणात माझा हात होता, त्यांचं ते पंख्याचं वाक्य होतं, आणि तरीही वहीत 'एकमताने' होतं. हे सगळं ते स्वतः सरकारी टेबलावर नेऊन ठेवणार होते. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच, आणि माकड व्हायला माझी काही हरकत नव्हती.

चित्रीकरण मी पूर्ण पाहिलं नाही. पहिली दोन मिनिटं पाहिली, चित्र नीट, आवाज नीट, बंद केलं. तो हशा पुन्हा ऐकायची माझी छाती झाली नाही.

डिस्क लिहायचं काम मी रविवारी सकाळी केलं. त्यासाठी मी पूर्वीच एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. तो दिलेल्या ड्राइव्हमधली डिस्क पुसतो, तिच्यावर फाइल लिहितो, मग परत वाचून बरोबर लिहिली गेली की नाही ते ताडून पाहतो. लिनक्समध्ये डिस्क ड्राइव्हना नावं असतात. आतला एसआर-शून्य, बाहेरचा एसआर-एक. दोन्हीत एकेक डिस्क घातली, शून्यवर प्रोग्रॅम सोडला आणि आमटीला फोडणी दिली. तो संपला, ताळा बरोबर. तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे रविवारी वीज जाणं म्हणजे सुट्टीच घेणं. अर्ध्या तासाने आली. मशीन पुन्हा सुरू केलं, एकवर प्रोग्रॅम सोडला आणि पोळ्या लाटायला गेले. ताळा बरोबर. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. आतलीवर मार्करने 'संस्था' लिहिलं, बाहेरचीवर 'कार्यालय'. पाकिटात घालून सेक्रेटरींच्या घरी देऊन आले. मशीनवर जागा कमी, म्हणून फाइल खोडली. त्या दिवशीची आमटी मला फार चांगली लागली.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात. या वेळी चेहरा लालबुंद.

झालं असं होतं की ऑफिसात डिस्क लावल्यावर सभा दिसलीच नाही. दिसले ते सेक्रेटरी. सोसायटीच्या गणपतीत, काळा गॉगल घालून, हातात माइक, कराओकेवर गाताना. सूर कुठे, ते कुठे. मध्येच त्यांनी गिरकी घेतली होती आणि माइकची वायर पायात अडकली होती. टेबलामागचे लोक खुर्च्या ओढून बघायला आले म्हणे, आणि एकाने पुन्हा पहिल्यापासून लावा म्हटलं. जुन्या डिस्कवर ते आधीपासूनच होतं, ते पुसलंच गेलं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "सूड घ्यायलाही काही पातळी असते."

मी त्यांना खरं सांगणार होते की मला यातलं काहीच माहीत नाही. पण ते वळून निघूनही गेले, आणि त्यानंतर दोन दिवस मला जो मान मिळाला तो वीस वर्षांत मिळाला नव्हता. जिन्यात बायका हात दाबायच्या. तळमजल्यावरच्या काकांनी मला चक्क आंबे आणून दिले. "बरी जिरवलीत," म्हणाले. मी आंबे ठेवून घेतले. न केलेल्या सुडाचं श्रेय फुकट मिळत असेल तर ते नाकारण्याइतकी मी थोर नाही.

तिसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली आणि तोंडातली चव गेली. 'एका सदस्येच्या तांत्रिक चुकीमुळे चित्रीकरणाच्या दोन्ही डिस्क निकामी झाल्या आहेत. चित्रीकरण उपलब्ध नसल्याने सभेचे लेखी इतिवृत्त कायम करण्यासाठी पुढील रविवारी सभा.' खाली माझा फ्लॅट नंबर. म्हणजे माझा हात गेला, त्यांचं 'एकमताने' राहिलं, आणि ते माझ्याच नावावर राहिलं.

मी तडक शूटिंगवाल्याला फोन लावला. "ताई, माज्याकडं कायच नाय रायलं," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी चिरनेरला हळद व्हती, त्याच कार्डावर शूटिंग केलं. आमी कार्ड पुसतोच. तुमाला पेनड्राइव्ह दिल्यावर आमाला ठेवून काय करायचं हाय?" पेनड्राइव्ह सेक्रेटरींनी कधीच रिकामा केला होता. माझ्या मशीनवरून खोडलेली फाइल परत मिळते का तेही पाहिलं, पण मध्यंतरी मी कॉलेजच्या परीक्षेचं काम त्या जागेवर लिहून बसले होते.

"त्यांनीच डिस्क बदलली," मी नवऱ्याला म्हटलं.

नवरा शांत माणूस. वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, "आणि स्वतःचा गॉगल घातलेला कराओके ऑफिसात नेऊन दिला?"

हे बरोबर होतं. म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

त्याच संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरींच्या बायको भेटल्या. फार कमी बोलणाऱ्या बाई. सोसायटीच्या कार्यक्रमात त्या कायम शेवटच्या रांगेत बसतात आणि चहाचे कप गोळा करतात. मला म्हणाल्या, "ती आपल्या फाइलची दुसरी डिस्क, तीही नाही का हो लागत?" मी म्हटलं, "तुमच्या ह्यांनाच विचारा, कपाट त्यांच्याकडे आहे." त्या खाली गेल्या. नवऱ्याने टेहळणीला पाठवलंय, अशी माझी खात्रीच झाली. पण वर येईपर्यंत त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात उलटा फिरायला लागला. प्रोग्रॅमने दोन्ही वेळा ताळा बरोबर दिला होता. निदान लिहिणं तरी दोनदा झालं होतं. मग ते गेलं कुठे?

मशीन सुरू केलं. लिनक्स उठताना जे जे करतं ते सगळं नोंदवून ठेवतं. चुगलखोर म्हणावं इतकं. त्या रविवारच्या नोंदी काढल्या. सकाळी पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आतला ड्राइव्ह एसआर-शून्य, बाहेरचा एसआर-एक. ठीक. मग वीज आल्यानंतरची नोंद. तिथे आतल्या ड्राइव्हबद्दल एक ओळ होती, इंग्रजीत, पण अर्थ असा की जोडणी हळू प्रतिसाद देते आहे, कृपया धीर धरा. मला धीर धरायला सांगणारं ते मशीन मी उचलून आपटलं नाही, कारण पुढच्या दोन ओळी वाचायच्या होत्या. एसआर-शून्य: बाहेरचा. एसआर-एक: आतला.

नावं उलटली होती.

ही नावं त्या ड्राइव्हची नसतातच. ते हजेरीचे आकडे असतात. शाळेत पहिल्या दिवशी जो आधी वर्गात शिरला तो एक नंबर, मग तो कुणाचाही पोर असो. माझा आतला ड्राइव्ह म्हातारा, वीज आल्यावर त्याला उठायला वेळ लागला, तेवढ्यात बाहेरचा शून्यवर जाऊन बसला. आणि मी एकला लिही म्हटलं, तर मशीनने इमानेइतबारे आतल्या डिस्कवर लिहिलं. म्हणजे आधी लिहिलेलीच पुसली, तेच पुन्हा लिहिलं, ताडून पाहिलं, बरोबर आहे म्हणालं. बाहेरच्या डिस्कला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. लिहून झाल्यावर ट्रे बाहेर यावा अशी एक ओळ माझ्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी होती. ती असती तर चुकीचा ट्रे उघडलेला पोळ्या लाटतानाही दिसला असता. पण आतला ट्रे अडकतो म्हणून मीच ती काढून टाकली होती.

खात्री म्हणून मी मेन स्विच बंद करून मशीन पुन्हा पुन्हा उठवलं. चौथ्या वेळेला नावं उलटली, मग सातव्या वेळेला. नवरा म्हणाला, "फ्रिज बिघडेल." मी म्हटलं, "बिघडू दे."

तर चूक माझी होती. वीस वर्षं मी पोरांना शिकवते की आकड्यावर विसंबू नका, ड्राइव्हला त्याच्या कंपनीच्या नंबरावरून ओळखा. आणि स्वतः घरी आकड्यावरच विसंबले. त्या दिवशी मी मशीनसाठी नियमांची फाइल लिहिली. प्रत्येक ड्राइव्हच्या स्वतःच्या नंबरावरून त्याला कायमचं नाव दिलं, एक 'आतला', एक 'बाहेरचा'. आता कुणी आधी उठो की नंतर.

हे करता करता मला उमगलं आणि हात थांबले. आतल्या डिस्कवर मी 'संस्था' लिहिलं होतं. ती डिस्क निकामी नव्हती. तिच्यावर सभा होती, एकदा नाही, दोनदा लिहिलेली. आणि ती सेक्रेटरींच्या कपाटात होती. दोन्ही निकामी म्हणून नोटीस लावणाऱ्या माणसाने दुसरी लावून पाहिलीच नव्हती. पाहायचीच नव्हती त्यांना.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. आधी बोलले असते तर ती डिस्क दुसऱ्या दिवशी उंदरांनी खाल्ली असती. म्हणून नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नव्हती. ती डिस्क चांगली आहे हे सिद्ध करायचं तर आधी सगळ्यांसमोर सांगावं लागणार की घोटाळा मी केला. आंबे देणाऱ्या काकांसमोर, हात दाबणाऱ्या बायकांसमोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय! ज्या माणसाने मला हसवून खाली बसवलं, त्याच्यासमोर उभं राहून 'चुकले' म्हणायचं. दोन दिवस मला वाटत होतं, जाऊ दे, कराओकेवर भागवू. पण कराओके हा अपघात होता. मला माझा सूड हवा होता.

रविवारी मी लॅपटॉप आणि बाहेरचा ड्राइव्ह पिशवीत घालून गेले. पुन्हा पहिल्या रांगेत बसले. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचलं, 'एकमताने'वर जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?"

मी उभी राहिले. "ऑफिसच्या डिस्कवर चुकीचं गेलं, ती चूक माझी," मी म्हटलं. "मी सूड वगैरे घेतला नव्हता. माझ्या मशीनमध्ये नावं उलटली आणि मी तपासलं नाही. त्यामुळे सेक्रेटरींची ऑफिसात शोभा झाली, त्याबद्दल मी माफी मागते." माझे कान तापले होते. काकांनी मान खाली घातली. सेक्रेटरींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अहो वहिनी, होतं असं," ते म्हणाले, "बायकांनी कशाला या यंत्रांच्या..."

"पण त्याच चुकीमुळे," मी त्यांना पुरं करू दिलं नाही, "दुसरी डिस्क दोनदा लिहिली गेलीय. ती चांगली आहे. नोंदीचा कागद हा घ्या. ती आणा, आत्ता इथे लावू."

फुललेला चेहरा तसाच राहिला, फक्त आतून रिकामा झाला. "कपाटाची किल्ली घरी आहे," ते म्हणाले. मग, "आणि हा विषय आजच्या विषयपत्रिकेत नाही." मग, "डिस्क खराब झाली असेल एव्हाना." एकाच माणसाची तीन उत्तरं. अध्यक्ष त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मी त्या प्रत्येक क्षणाची चव घेतली, खोटं कशाला बोलू?

मागे खुर्ची सरकली. सेक्रेटरींच्या बायको उठून बाहेर गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या त्या हातात पाकीट घेऊन. नवऱ्याच्या अंगावरून सरळ पुढे येऊन त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि मागे जाऊन बसल्या.

डिस्क लागली. हॉलच्या टीव्हीवर आमचा तोच हॉल दिसायला लागला. माझा हात वर गेला. पंख्याचं वाक्य आलं. हशा आला, आणि या वेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकजण स्वतःला हसताना बघत होता. मला वाटलं, झालं, मला हवं ते मिळालं. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले.

गव्हाणच्या त्या शूटिंगवाल्याने हशाच्या वेळी कॅमेरा मागच्या रांगांवर फिरवला होता. लग्नात फिरवतात तसा, सगळे दिसले पाहिजेत म्हणून. माझ्या मागे, मी कधी वळून पाहिलं नाही तिथे, हात वर होते. तळमजल्यावरचे काका. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी. अध्यक्ष उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवून मोजायला लागले. माझा धरून सहा झाले. कॅमेरा शेवटच्या रांगेवर थांबला.

तिथे सेक्रेटरींच्या बायको बसल्या होत्या. एका हातात कपांचा ट्रे, दुसरा हात सरळ वर. हसत नव्हत्या.

अध्यक्षांनी सदस्यांचं रजिस्टर उघडलं, पानं उलटली. सेक्रेटरींच्या फ्लॅटवर पहिलं नाव बायकोचं होतं. त्या घराचं मत तिचं होतं.

"तू?" सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्ही मागे बघितलंत कुठे," त्या म्हणाल्या.

खरं तर मीही बघितलं नव्हतं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती, आणि मला त्यांचा चेहरा सोडवत नव्हता.

अध्यक्षांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. सेक्रेटरींनी बराच वेळ पेन शोधलं, ते खिशातच होतं. मग त्यांनी 'एकमताने' खोडलं आणि वर विरोधात सात असं लिहिलं. त्या सातांत त्यांचं स्वतःचं घर होतं.